आजीच्या डब्यातले तेरचे मणी संग्रहालयात द्यावेत का?

माहेरवाशीण:
आई गेल्या महिन्यात पुण्याला माझ्याकडे राहायला आली. तिच्या सामानात तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा निघाला. आत लालसर अकिकाचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, आणि अंगठ्याएवढं पांढरट मातीचं बाईचं डोकं, नाकापासून खाली तुटलेलं. आई म्हणाली, हे तुझ्या आजीचं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर टाकायला गाडीभर पांढरी माती आणायची, तेव्हा ढेकळं फोडताना हे निघायचं. आजीनं त्यातलं काही कधी फेकलं नाही.

भाऊ म्हणतो, आजीची आठवण आहे, घरातच राहू दे. मला वाटतं तेरच्या लामतुरे संग्रहालयात द्यावं. पण तिथं असे मणी ढिगानं असतील. आमच्या मूठभर मण्यांची त्यांना काय गरज?

तेरणाकाठ:
ताई, ते सगळं संग्रहालयच अशा मुठी-मुठींनी भरलंय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर तेरच्या टेकड्यांवरून एकेक वस्तू जमवली आणि तो संग्रह पुढे शासनाचा झाला. मी शाळेत असताना पहिला पाऊस उघडला की आम्ही पोरं पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर पळायचो. माती धुऊन जायची आणि मणी वर चमकायचे. तेच मणी पुढं काचेआड पाहिले, तेव्हा आपण कशावर खेळत होतो ते कळलं.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जातं. ते तगर म्हणजे आपलं तेर. संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, तिच्यापुढं जरूर थांबा. इटलीतल्या पाँपेईत 1938 साली अशाच घडणीची मूर्ती सापडली. ते शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं.

तुमचं ते तुटकं डोकं मात्र जपा. पांढऱ्या केओलिन मातीच्या सातवाहनकाळच्या मूर्ती तेरला बऱ्याच मिळाल्यात. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात दाबायचा आणि जोडायचा, म्हणून आतून पोकळ. तुटल्या कडेनं आत डोकावून बघा, कारागिराच्या बोटांचे दाब दिसतील कदाचित. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या गावात मातीकाम केवढं जुनं आहे!

एक कळकळीची विनंती. डबा देण्याआधी आईंजवळ वही घेऊन बसा. माती गावाच्या कुठल्या अंगाची, कुठल्या साली, कोण आणायचं, सगळं लिहा. अभ्यासकाला मण्याइतकीच ती जागा हवी असते, आणि ती आता फक्त आईंना माहीत आहे. पाण्यानं, ब्रशनं काही घासू नका.

जुनीनाणी:
घरात ठेवायचं म्हटलं तरी विकायचा विचार कुणीही करू नका. 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर तर नेताच येत नाहीत. देताना यादी करा, फोटो काढा, पोच घ्या. पोच नसेल तर उद्या कुणालाच काही विचारता येत नाही, हे मी आमच्या घरच्या नाण्यांबाबत सोसलंय.

माहेरवाशीण:
काल रात्री वही घेऊन बसले. आईला सगळं आठवतं! माती नदीच्या अंगाच्या उंचवट्यावरून यायची, गाडी मामा हाकायचे. मणी सगळे त्या मातीतले. डोकं मात्र त्या गाडीच्या मातीत मिळालेलं नव्हेच. ते आईलाच खुरपताना शेतात मिळालं, ती तेव्हा नऊ वर्षांची. आजीनं धुऊन देवळीत ठेवलं होतं आणि वर्षभर त्याला हळदीकुंकू लावलं. डाव्या गालावर अजून पिवळट डाग आहे, तो पुसणार नाही.

भावाला फोनवर हे वाचून दाखवलं. एक मणी तरी ठेवू या म्हणाला. आई म्हणाली, नको, सगळे एकत्र राहू देत. दिवाळीनंतर आम्ही तिघं तेरला जातोय. डबा आई स्वतःच्या मांडीवर घेऊन बसणार आहे.