तारखेच्या क्वेरीत ३१ तारखेची बिलं का येत नाहीत?

प्रश्न: अंधेरीच्या दुकानाचा मार्चचा रिपोर्ट काढतोय, डेटाबेस मायएसक्यूएल आहे, क्वेरीत बिटवीन (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) '२०२४-०३-०१' अँड '२०२४-०३-३१' लिहिलंय तरी ३१ ची बिलं येतच नाहीत, दोन दिवस डोकं खातोय, कोणी सांगा ना प्लीज.

उत्तर १: अरे तारखेचा कॉलम डेटटाइम (तारीख आणि वेळ दोन्ही) असणार, नुसती तारीख दिली की तो त्या दिवसाच्या सुरुवातीचे ००:०० धरतो, म्हणजे ३१ चा अख्खा दिवस बाहेर. बिटवीन सोड, >= '२०२४-०३-०१' आणि < '२०२४-०४-०१' असं लिही. कॉलमला डेट() (नुसती तारीख काढणारं फंक्शन) गुंडाळू नकोस हं, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही.

उत्तर २: टाइम यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) सेव्ह होतोय का तेही बघ, आपण साडेपाच तास पुढे, पहाटे ५ चं बिल आदल्या तारखेत जातं.

प्रश्नकर्ता: आलं! रात्री ११:४० चं शेवटचं बिलसुद्धा दिसतंय, मनापासून थँक्यू दोघांना.