मदत हवी आहे: ४ कोटी कीज, हॅश टेबल रांगतंय. कोणतं हॅश फंक्शन घेऊ?

चौथाकोन: सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहिलेलं टेबल आहे, ओपन ॲड्रेसिंगचं: हॅश फंक्शन की वरून खान्याचा क्रमांक काढतं, आणि तो खाना भरलेला असेल तर की पुढच्या रिकाम्या खान्यात जाते. ४ कोटी कीज भरल्या की लुकअप (की शोधणं) रांगायला लागतो. त्यातही नसलेली की शोधताना फारच. शा-२५६ (सुरक्षिततेसाठीचा हॅश) लावून पाहिलं. कोलिजन (दोन कीज एकाच खान्यावर येणं) घटले, पण वेळ उलट वाढला. वेगवान हॅश सुचवा, उद्या डेमो आहे.

बिटवाला: टेबल केवढं? प्रोबिंग (भरलेल्या खान्यापुढे शोधणं) लिनिअर, म्हणजे एकेक खाना सरकत, का? कीज कसल्या? शा-२५६ च्या आधी कोणता हॅश होता?

कडीकुलूप: सिपहॅश घ्या. रस्ट भाषेचं हॅशमॅप मुळातच तो वापरतं, पायथनने स्ट्रिंगसाठी ३.४ पासून घेतला. त्याचं बीज (हॅशमध्ये मिसळायची संख्या) गुप्त असल्यामुळे मुद्दाम कोलिजन घडवता येत नाहीत.

बिटवाला: कीज परक्याच्या हातून येत असतील तर जरूर घ्यावा. इथे तसं कुठे म्हटलंय?

चौथाकोन: टेबल २ च्या २६ व्या घाताचं, म्हणजे ६,७१,०८,८६४ खाने. लिनिअर. की म्हणजे रेकॉर्डचा फाइलमधला ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं बाइटमधलं अंतर), ६४ बिट. हॅश नव्हताच, थेट मास्क, म्हणजे की चे खालचे बिट हाच खान्याचा क्रमांक.

जावाकर: स्ट्रिंग कीज असतील तर ३१ ने गुणणारा हॅश टाळा. जावात ‘कॅपिटल ए, स्मॉल ए’ आणि ‘दोन कॅपिटल बी’ या दोन्ही स्ट्रिंगचा हॅश २११२ च येतो.

चौथाकोन: स्ट्रिंग नाहीत हो. ऑफसेट आहेत.

बिटवाला: रेकॉर्ड किती बाइटचा?

चौथाकोन: ६४, ठरावीक. त्याने काय होतं?

बिटवाला: सगळं त्यानेच होतंय. प्रत्येक ऑफसेट ६४ च्या पटीत, म्हणजे खालचे ६ बिट कायम शून्य. मास्क नेमके खालचेच २६ बिट घेतो. त्यामुळे शोध सुरू होऊ शकेल असे खाने उरले १०,४८,५७६. सरासरी ३८ कीज एकाच खान्यावर येऊन आदळतात आणि पुढे सरकत बसतात. फिबोनाची हॅश पुरेल: की ला ११४००७१४८१९३२३१९८४८५ ने गुणा, अनसाइन्ड ६४ बिटमध्ये.

मूळसंख्या: त्यापेक्षा टेबलाचा आकारच मूळ संख्या ठेवा आणि बाकी काढा. जीसीसी कंपायलरचं तयार हॅश टेबल, अनऑर्डर्ड मॅप, तसंच चालतं, पूर्णांकाचा हॅश तो पूर्णांकच.

बिटवाला: कोलिजन त्यानेही सुटतील, पण प्रत्येक लुकअपला ६४ बिट भागाकार पडेल. गुणाकार कितीतरी स्वस्त.

गाळणी: मिस (नसलेल्या की चा शोध) जास्त असतील तर टेबलाआधी ब्लूम फिल्टर लावा, म्हणजे की नक्की नाही की असू शकते एवढंच सांगणारी छोटी रचना. कीमागे १० बिट, म्हणजे ४ कोटींना ५ कोटी बाइट. चुकीचा होकार साधारण १ टक्का.

चौथाकोन: गुणून पाहिलं. काहीही फरक नाही!

बिटवाला: गुणून झाल्यावर परत मास्कच लावलात ना? ६४ च्या पटीतल्या संख्येला कशानेही गुणा, खालचे ६ बिट शून्यच राहतात. गुणाकारात बिट वरच्या दिशेने मिसळतात, म्हणून वरचे २६ बिट घ्यायचे. मास्क काढा आणि गुणाकार ३८ बिट उजवीकडे सरकवा. लोड फॅक्टर (भरलेल्या खान्यांचं प्रमाण) तुमचा ०.६ च्या आसपास आहे. हॅश नीट पसरला तर हिटला (सापडणाऱ्या की ला) सरासरी १.७५ आणि मिसला ३.६ खाने तपासावे लागतात. त्याहून बरेच जास्त दिसले तर पसरणीत अजून खोट आहे.

चौथाकोन: मास्कच होता. काढला, मिस ४ च्या आत आला. आभार!

बिटवाला: टेबल दुप्पट कराल तेव्हा ३८ चे ३७ करायला विसरू नका. तो आकडा कोडमध्ये थेट लिहिला असेल तर वाढवलेला अर्धा भाग जवळजवळ रिकामाच राहील.

कडीकुलूप: पण ती फाइल बाहेरून येते का, ते अजून सांगितलं नाहीत.