अनुभव धागा: एकटंही राहायचंय, माणसंही हवीत

टेकडी, नदीकाठ, बाग... जिथे एकटं बसलं की बरं वाटतं, तिथलं लिहा. पुन्हा माणसांत यावंसं कधी वाटलं, तेही. तत्त्वज्ञान नको, घडलेलं सांगा.

पाषाणची आजी: हे गेले तेव्हा घर नातेवाइकांनी भरलेलं. सगळ्यांचं एकच, "जेवलीस का?" जीव नकोसा झाला. मग पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागले. पुण्यातली ही सगळ्यात उंच जागा, ८०० मीटरच्या आसपास. माझे गुडघे ते रोज सांगतात. खाणीपाशी बसायचं. सातभाई पक्षी घोळक्याने येऊन पाचोळा उपसत भांडायचे, पण मला कुणी काही विचारायचं नाही. रोज एक गृहस्थ समोरून यायचे, नुसता नमस्कार करून पुढे जायचे. पावसाळ्यात चिकुनगुनियाने अंथरूण धरलं. बरी होऊन गेले तर ते थांबले. "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?" लोकांपासून पळून तिथे गेलेली मी, आणि माझा खाडा कुणीतरी लक्षात ठेवला म्हणून दिवसभर खुशीत! त्यांचं नाव अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

लातूरकर: रागावू नका, पण एकांत ही घरात माणसं असलेल्यांची चैन आहे. मी हिंजवडीत, खोलीत एकटा, काम घरूनच. शनिवार-रविवार तोंडातून शब्द निघत नाही. मला निसर्ग लाभला तो माणसांमुळे. हिवाळ्यात एका ग्रुपबरोबर सोलापूर रोडने कवडीपाटला गेलो. मुळा-मुठेचं पाणी काळं, फेसाळ, वास विचारू नका. त्यात चक्रवाकाची जोडी, केशरी, निवांत. शेजारच्या काकांनी न बोलता गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. तेवढं पुरलं.

एक सून: बाईने पहाटे टेकडीवर एकटीने बसायचं म्हणजे अर्धं लक्ष मागच्या पावलांकडे. मी तळजाई टेकडीवर जाते. तिथे सकाळी भरपूर गर्दी असते, म्हणूनच निर्धास्त एकटी बसता येतं.

देहूकर: तुकोबासुद्धा एकांताला भंडारा डोंगरावर जात, पण कीर्तनाला गावातच उभे राहत.

पाषाणची आजी: लातूरकर, यंदा थंडीत कवडीपाटला मला नेशील का रे? डबा मी आणते. जेवलास का, एवढं मात्र विचारीन.

लातूरकर: चालेल आजी. गुडघ्यांना सांगून ठेवा, तिथे चढ नाही.