चिखलदऱ्याले शाळेची सहल, झिपलाइन अन् रॅपलिंग हाये म्हणे, पोरीले पाठवू का?

पऱ्हाटीवाला_अकोट:
राम राम मंडळी. पोरगी सातवीत हाये. औंदा सहल शेगाव-लोणार नाई तर चिखलदऱ्याच्या एका ॲडव्हेंचर कॅम्पले चालली, एक रात्र मुक्काम. झिपलाइन, बर्मा ब्रिज, रॅपलिंग असं सारं कागदावर लिहून आलं अन् खाली संमतीपत्र, सोमवारी सही करून द्या म्हणे. पोरगी तर नाचूनच राहिली, तिची आजी म्हणते पोट्टीले दोरीले लटकवाचे पैसे देतं काय रे. पैशाचं नाई हो, कापूस विकला हाये, पण मले त्यातलं काहीच समजत नाई. सरले विचाराचं तरी काय?

मास्तर_दर्यापूर:
भाऊ, कॅम्पची पर्यटन संचालनालयात नोंदणी हाये का ते विचारा. २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, तवापासून नोंदणी लागते. सर्टिफिकेटचा फोटोच मागा, तोंडी हो-हो वर जाऊ नका. मुक्कामाले मॅडम हायेत का तेही. अन् गाडी एसटीचीच करा म्हणा, शाळेच्या सहलीले अर्धंच भाडं लागते, तरी कित्येक शाळा ट्रॅव्हल्सच ठरवतात, काहून ते मी इथं लिहत नाई 😄

दोरवाला:
अशा कॅम्पवर काम केलं हाये म्हणून सांगतो. रॅपलिंगमधी, म्हंजे दोरीनं कड्यावरून खाली उतरताना, पोराच्या हातातल्या दोरीशिवाय सेफ्टीची दुसरी दोरी पाहिजे, ते वरचा माणूस धरून राहते, पोराचा हात सुटला तरी ते जागच्या जागी लटकते. दुसरी दोरी नसन तर रॅपलिंग नकोच, सरळ नाई म्हणा. झिपलाइनले, म्हंजे तारेवरून लटकून घसरत जाताना, हार्नेस (अंगाले बांधाचे पट्टे) कंबरेले अन् दोन्ही मांड्यांले घट्ट, कॅराबिनर (जोडाची धातूची कडी) लॉक, अन् एकानं बांधलं का दुसऱ्यानं तपासाचं. हलकी पोरं कधी कधी मधातच थांबतात, मंग इन्स्ट्रक्टर जाऊन ओढून आणते, हे पोरीले आत्ताच सांगून ठेवा नाई तर तिथं रडते. ओढणी नको, केस बांधून. भेव वाटलं तर उतराचं, मागून सर लोकं "जा जा" करतात ते मले बिलकुल पटत नाई.

मेळघाटची_सून:
परतवाडा सुटून घाट लागला का अर्धी बस ओकते, सकाळी पोट भरून खाऊ घालू नका. चिखलदरा ११०० मीटरच्या वर हाये, अकोटची थंडी समजून पाठवसान तर पोरगी रातभर कुडकुडन. स्वेटर, कानटोपी द्याच. अन् पॅड बॅगेत टाकून द्या बरं, या वयात पोरी मॅडमले सांगाले लाजतात.

जुना_गडी:
कायले पैसे घालता बाप्पा, आमी तर गाविलगड चढलो, भीमकुंडाची खोल दरी पाहिली, फुकट. कोणतं हार्नेस अन् कोणतं काय.

दोरवाला:
काका, भीमकुंडाच्या काठावरून वाकून पाहाले तुमाले कोणती दोरी होती ते सांगा पहिले.

पऱ्हाटीवाला_अकोट:
😂 सरले फोन लावला. सर्टिफिकेटचा फोटो आला, मॅडमही दोघी हायेत. दुसऱ्या दोरीचं त्याईलेच माहीत नाई, कॅम्पवाल्याले विचारून सांगतो म्हणे, ते कळल्याबिगर सही करत नाई. बूट नाई हो तिच्याजवळ, सँडल चालते का?

दोरवाला:
मागून पट्टा असन तर चालते. चप्पल नको, झिपलाइनवर अर्ध्यातच दरीत जाते.