लंडन मॅरेथॉन 2020: 19.6 फेऱ्यांचं अंतर पक्कं कसं करतात?

लांबपल्ला: 4 ऑक्टोबर 2020 ची लंडन मॅरेथॉन कोरोनामुळे फक्त एलिट (अव्वल) धावपटूंसाठी, सेंट जेम्स पार्कभोवतीच्या बंद लूपवर झाली. फेऱ्या 19.6 का, सरळ 20 का नाहीत? आणि अशा मार्गावरची वेळ ऑलिंपिक पात्रतेला कशी चालते?

मोजपट्टी: लूप साधारण 2.15 किमीचा. 19 फेऱ्या म्हणजे 40.85 किमी, मॅरेथॉनच्या 42.195 किमीतले उरतात 1,345 मीटर. लूपची लांबी तिथल्या रस्त्यांनी ठरते, फिनिश नेहमीप्रमाणे द मॉल या रस्त्यावर. मग जुळवाजुळव स्टार्ट सरकवूनच करावी लागते.

वेळ चालते कारण मार्ग प्रमाणित असतो. जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावलेली, कॅलिब्रेट केलेली (आधी माहीत असलेल्या अंतरावर पडताळलेली) सायकल कडेपासून 30 सेंमीवरून, सगळ्यात जवळच्या रेषेने चालवतात. वर किलोमीटरमागे 1 मीटर जादा, म्हणजे 42 मीटर राखीव. लूपवर खरी गोची इथे होते. एका वळणाचं बॅरिकेड आत सरकून फेरीत 2 मीटर वाचले, तर 19 फेऱ्यांत 38 मीटर गेले, राखीव जवळपास संपली! म्हणून बॅरिकेडच्या पायांच्या जागा रंगाने आखून ठेवायच्या आणि शर्यतीच्या सकाळी मोजणाऱ्यानेच तपासायच्या. मार्गाला फार उतार नको आणि स्टार्ट-फिनिश फार दूर नकोत, ही अट लूपवर आपसूक पाळली जाते.

चिपवाला: मागे पडलेल्यांचाही विचार करा. शुरा किताता 2:05:41 मध्ये जिंकला, म्हणजे सरासरी फेरी 6:25 ची. 2:20 च्या वेगाने धावणाऱ्याची फेरी 7:09 ची. त्याला आघाडीवाला दहाव्या फेरीतच गाठणार. त्यामुळे धावपटूने लावलेली वेळेची चिप टिपणारी मॅट दर फेरीला हवी, शिवाय हाताने नोंद ठेवणारा माणूस वेगळा. एक फेरी कमी धावून फिनिशकडे वळणं हा लूपवरचा नेहमीचा घोळ. पुरुष, महिला आणि व्हीलचेअर शर्यती वेगवेगळ्या वेळी ठेवल्याने गर्दी बरीच टळली.

सडकछाप: तेव्हाचा विश्वविक्रमवीर किपचोगे आठवा आला (2:06:49) तो वळणांमुळेच ना?

मोजपट्टी: वळणं सगळ्यांनाच होती. उजवा कान बंद झाल्याचं त्याने स्वतः सांगितलं. त्यात थंडी आणि पाऊस. पहिल्या दोघांत तर एकाच सेकंदाचं अंतर होतं.

चिपवाला: मार्ग आखणं त्यातल्या त्यात सोपं, बबल, म्हणजे कोरोनापासून खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवणं, सांभाळणं महाकठीण. लंडनमध्ये खेळाडू शहराबाहेरच्या एकाच हॉटेलात, वारंवार चाचण्या, आणि कुणी फार जवळ आलं की इशारा देणारं यंत्र अंगावर. आपल्याकडे 29 नोव्हेंबर 2020 ला दिल्ली हाफ मॅरेथॉनही एलिटना बबलमध्ये ठेवूनच झाली. तिथेच बीडच्या अविनाश साबळेने 1:00:30 चा राष्ट्रीय विक्रम केला.

लांबपल्ला: पाण्याचं टेबल दर फेरीला लावायचं का?

चिपवाला: टेबल एकाच जागी, कायमचं. स्वतःची बाटली मात्र दर दुसऱ्या फेरीला, म्हणजे 4.3 किमीवर. बाटलीवर नावासोबत फेरीचा आकडाही लिहा.