प्रतिसाद: थरथरणारी रेषा

'आ-हा' या नॉर्वेजियन बँडच्या 'टेक ऑन मी' गाण्याच्या व्हिडिओतली पेन्सिल म्हणजे नुसती तांत्रिक करामत, हे वरचं मत मला नाही पटत. १९८५ साली दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनने खरं चित्रीकरण केलं, त्यावरून सुमारे ३,००० चौकटी हाताने रेखाटल्या गेल्या. म्हणून रेषा सतत थरथरते. हॉटेलात कॉमिक वाचत बसलेल्या मुलीला त्यातला रेखाटलेला मुलगा आत ओढून घेतो; रेषेची ती थरथर म्हणजेच त्या मुलाचं अर्धवट अस्तित्व! गिऱ्हाईक पैसे न देता पळालं असं समजून हॉटेलातली बाई कॉमिक चुरगाळते, आणि एक अख्खं जग मोडतं.

आमच्या सांगलीत भावे नाट्यमंदिराच्या विंगेत उभा नट पाहिलाय? रंग चढलेला, पण अजून पात्र झालेला नाही. शेवटी मुलीच्या घरातल्या बोळकांडीत भिंतींवर अंग आपटणारा तो मुलगा मला तसाच दिसतो, कागद आणि हाडामांसाच्या मधोमध. तेवढा भाग आवाज बंद करून बघाच.