वाट पाहण्याच्या काळासाठी तरुण संघाचा आठ आठवड्यांचा अभ्यास कसा बसवावा?

दुधनाकाठ

सर्वांना जय ख्रिस्त. जालन्याकडच्या एका छोट्या मंडळीच्या तरुण संघासाठी विचारतोय. चौदा-पंधरा जण येतात. निम्म्यांचे डोळे भरतीच्या आणि एमपीएससीच्या निकालाकडे लागलेत, दोघींच्या लग्नाचं जमत नाहीये, आणि तीन घरं दिवाळीनंतर कोयत्यावर (ऊसतोडीला) जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शुक्रवारी प्रार्थना होते, पण तीच मागणी, तेच शब्द. हजेरी गळायला लागलीय. ‘देव योग्य वेळी देईल’ या वाक्याच्या पुढे काही शिकवायचं आहे. शास्त्रातले कोणते भाग घ्यावेत, रोज किती वेळ द्यायला सांगावा, उपास ठेवावा का? यशया 40:31 आणि यिर्मया 29:11 सगळ्यांना पाठ आहेत, त्याशिवाय सांगा.

कुंडलिका

अब्राहामापासून सुरुवात करू नका. 75 व्या वर्षी हारान सोडलं आणि 100 व्या वर्षी इसहाक झाला, हे ऐकूनच पोरं खचतात. पहिले दोन आठवडे नहेम्या घ्या. तो पारसी राजाच्या चाकरीत आहे. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला यहूदी किसलेव महिन्यात कळते (1:1) आणि राजापुढे विषय निघतो नीसानात (2:1). मधे साधारण चार महिने, म्हणजे तुमच्या कोयत्याच्या हंगामापेक्षा जरा कमी. या काळात तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. पण राजा ‘तुला काय हवं’ विचारतो तेव्हा लगेच मुदत सांगतो, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागतो, आसाफाकडून लाकूड मागतो (2:6-8). हा हिशेब त्या चार महिन्यांतच झालेला असणार. पुढे तट 52 दिवसांत उभा राहिला (6:15). परीक्षेच्या पोरांना हा भाग पटकन लागतो.

तिसऱ्या आठवड्यात शौल, 1 शमुवेल 13. इस्राएलचा हा राजा पलिष्ट्यांशी लढाईआधी संदेष्टा शमुवेल येऊन होमार्पण करील म्हणून सात दिवस थांबला, अगदी ठरल्याप्रमाणे. लोक पांगायला लागले, तीन हजारांतले सहाशे उरले, आणि त्याने होमार्पण स्वतःच उरकलं. ते संपतं न संपतं तोच शमुवेल हजर (13:10). इथे गटाला एकच विचारा: शौलाला घाई कशाची झाली, पलिष्ट्यांची की रिकाम्या होणाऱ्या छावणीची? बऱ्याच जणांचं उत्तर ‘लोक काय म्हणतील’ इथे येऊन थांबतं. तिथेच थोडा वेळ थांबा, पुढे पळू नका.

चौथ्यात यिर्मया 42. हा भाग मंडळीत फारसा कोणी वाचत नाही. यहूदात मागे उरलेले लोक यिर्मयाला म्हणतात, देवाला विचार, तो सांगेल ते करू. दहा दिवसांनी उत्तर येतं (42:7), मिसरात जाऊ नका, आणि ते ऐकतच नाहीत. कारण 41:17 मध्ये बघा, मिसरात जायचं म्हणून ते आधीच बेथलेहेमेजवळ मुक्कामाला आले होते. गाठोडं बांधून झाल्यावर मागितलेलं मार्गदर्शन ते. स्थळ मनात ठरवून ‘प्रार्थना करा’ म्हणणारे आपल्याकडेही असतात, पण नाव घेऊन दाखला देऊ नका.

पाचवा आणि सहावा आठवडा यिर्मया 29 ला, म्हणजे बाबेलात बंदिवान नेलेल्यांना लिहिलेलं पत्र. अकरावं वचन पाठ आहे म्हणता, तर पाचव्यापासून दहाव्यापर्यंत वाचायला लावा: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, आणि हे सत्तर वर्षं. सातव्यात योसेफ: 17 व्या वर्षी विकला गेला, 30 व्या वर्षी फारोपुढे उभा राहिला. तुरुंगात भेटलेल्या फारोच्या प्यालेबरदाराकडे त्याने सुटकेसाठी शब्द टाकला होता (उत्पत्ती 40:14), म्हणजे ओळखीने प्रयत्न करणं हा अविश्वास नव्हे. तरी त्यानंतर पूर्ण दोन वर्षं गेली. अब्राहाम शेवटी. त्यातही भर उत्पत्ती 16:3 वर द्या, कनानात दहा वर्षं काढल्यावर हागार या दासीपासून मूल घ्यायचा उपाय सुचला. वाट पाहण्याच्या सुरुवातीला सहसा कोणी घसरत नाही, घसरतो तो मधल्या सपाट पट्ट्यात.

रोज वीस मिनिटं पुरे. तासभर सांगाल तर तिसऱ्या दिवशी बंद पडेल. आठवड्याला एकच स्तोत्र, तेच रोज, मोठ्याने: 13, 25, 27, 37, 40, 62, 130, 131. लांब असतील ती (37 मध्ये चाळीस वचनं आहेत) तुकडे करून. स्तोत्र 13 मध्ये वचनं सहाच, पण बांधणी नीट दाखवा. दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’, मग दोन वचनं मागणी, मग दोन भरवसा. आपण उडी मारून थेट पाचव्या वचनावर जातो. प्रत्येकाला स्वतःच्या चार ‘कोठवर’ ओळी लिहायला सांगा. मोठ्याने वाचायची सक्ती नको.

त्याच वहीत तीन रकाने आखा: काय मागितलं (तारखेसकट), यातलं माझ्या हातात काय, माझ्या हातात काय नाही. दुसऱ्या रकान्यात ‘नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत बघणे’ असं लिहिलं गेलं पाहिजे, ‘विश्वास वाढवणे’ असं नव्हे. प्रार्थना तिसऱ्या रकान्यावर करायची.

रात्रपाळी_सिस्टर

उपासाबद्दल लिहिते, कारण गडबड इथेच जास्त होते. आठवड्यातून एक दिवस, सकाळपासून दुपारी चारपर्यंत, पाणी पीत. एवढंच ठेवा. निर्जळी उपास एप्रिल-मेमध्ये अजिबात नको, आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो आणि पोरं दुचाकीवर लांबून येतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणारे, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, रक्त कमी असलेल्या मुली, यांना जेवणाचा उपास सांगूच नका. त्यांनी त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवावा. सोडताना भजी-वडे नकोत. भाकरी, वरण, ताक बास.

आणि उपासाचा नवस होऊ देऊ नका. ‘सात शुक्रवार धरले, आता लागलाच पाहिजे’ हे शब्द कानावर आले की समजा, गाडी तिकडे वळली. मग निकाल विरुद्ध गेला की पोरगं देवावर नाही, स्वतःच्या उपासावर शंका घेतं: कुठे कमी पडलो? यशया 58 त्या आठवड्यात वाचून घ्या.

एक वेगळी गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, मरणाची भाषा येते, याला ‘वाट पाहण्याची परीक्षा’ म्हणू नका. प्रार्थना कराच, पण डॉक्टरकडेही न्या. टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

क्रूसवाट

मी कॅथलिक आहे, चालत असेल तर दोन नियम सांगतो. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातले आहेत. पहिला: मन कोरडं पडलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. क्लास सोडणं, स्थळ मोडणं, मंडळी बदलणं, सगळं थोडं थांबवायचं. दुसरा: अशा वेळी प्रार्थना लवकर आटपावीशी वाटते, म्हणून ठरल्यापेक्षा जराशी जास्त करायची. वीस मिनिटं ठरली असतील तर बावीस. चाळीस नव्हे.

माजलगावकर

कोयत्यावर जाणाऱ्यांना वही-रकाने देऊ नका दादा, कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) ते जमत नाही. पहाटे अंधारात फडात, रात्री गाडी भरायला कधी बोलावतील नेम नाही. त्यांना स्तोत्र 131 द्या. तीनच वचनं आहेत, उचल घेऊन निघायच्या आधी पाठ होतं. मोळी बांधताना म्हणता येतं. फोन तुम्ही करायचा, त्यांनी नव्हे, आणि काय चाललंय ते आधी ऐकायचं.

याकोब 5:7 पण घ्या, पण पाऊस नीट समजावा. जुन्या करारात ‘वळवाचा पाऊस’ वाचला की आपल्या माणसाला मृगाच्या आधीचा, गारांचा, झाडाच्या कैऱ्या पाडणारा पाऊस दिसतो. तिकडचा तो शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलात येतो आणि दाणा भरतो. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीचा. म्हणजे याकोबाचा शेतकरी पेरणी करून बसलाय, रान मोकळं ठेवून आभाळाकडे बघत नाही. कोरडवाहूवाल्याला हे लगेच कळेल.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. एक अडचण राहिली. बाहेरून प्रार्थनेला येणारे एक जण पोरांना महिना सांगून जातात, ‘अमुक महिन्यात ऑर्डर हातात पडेल’. पाळकसाहेब भिडेखातर बोलत नाहीत. काय करावं?

कुंडलिका

मग यिर्मया 28 हे 29 च्या आधी घ्या, एक शुक्रवार वाढला तरी चालेल. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, बाबेलात नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. यिर्मया आधी ‘आमेन, तसंच होवो’ म्हणतो, भांडत नाही. मग म्हणतो, शांतीचं भविष्य सांगणारा खरा की नाही ते शब्द पुरा झाल्यावर कळतं. आणि वाट बघायची होती ती सत्तर वर्षांची. एवढं वाचून झालं की पोरं आपणच प्रश्न विचारतील, तुम्हाला त्या माणसाचं नाव घ्यावं लागणार नाही.

सोबत साधा नियम करा: कोणी महिना सांगितला तर तो वहीत लिहायचा, सांगणाऱ्याच्या नावासकट, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पान उघडायचं. पाळकसाहेबांना हे आधी एकट्याला भेटून सांगा, सभेत पहिल्यांदा कळू देऊ नका.